एक पाटली नदीपलीकडे

कोकणीत सोन्याला भांगर म्हणतात. तिसरीत की चौथीत असताना मी हे वर्गात सांगितलं आणि बाकावरच्या मुली हसून हसून लोळल्या. आमच्या गिरगावातल्या चाळीखाली दर रविवारी ‘भंगाऽऽर’ अशी आरोळी देत हातगाडी यायची. तिच्यात फुटक्या बादल्या आणि गंजलेले स्टोव्ह असायचे. घरी येऊन मी रडत रडत आजीला सांगितलं. आजी गोव्यातल्या पेडण्याची, तेव्हा दोन महिन्यांसाठी मुंबईला आली होती. तिनं खिडकीतून त्या हातगाडीकडे नीट बघून घेतलं आणि म्हणाली, “विचार जा त्याला, तोळ्याला काय भाव देतो.”

(आजी कोकणीतच बोलायची. मला ती बोलता येते, लिहायला बसले की हात अडतो. म्हणून तिचं बोलणं मराठीत देते. तिचा ठसका त्यात निम्मा राहतो, याला इलाज नाही.)

ती आठवली त्याला कारण माझा मुलगा. २०२५ च्या मे महिन्यात ते चार दिवस सीमेवर ड्रोन आणि क्षेपणास्त्रं उडत होती, तेव्हा रात्री साडेअकराला त्याचा बंगळुरूहून फोन आला. “आई, एफडी मोडूया का?” मी म्हटलं, झोप. ऑगस्टमध्ये अमेरिकेनं आपल्या मालावर पन्नास टक्के आयातशुल्क लावलं, तेव्हा पुन्हा फोन. दिवाळीत सोनं दहा ग्रॅमला सव्वा लाखाच्या पुढे गेलं, तेव्हा मात्र त्याचा आवाज अगदी लहानपणीसारखा झाला. “तू तेव्हा झोप म्हणालीस.” माझी अख्खी नोकरी एका विमा कंपनीच्या हिशेब खात्यात गेली, त्यामुळे घरचे मला अर्थतज्ज्ञ समजतात. वास्तविक मी व्हाउचरं तपासायचे. पण त्याच्या प्रश्नाचं उत्तर मला व्हाउचरांत सापडणारं नव्हतंच. ते आजीच्या पाटल्यांत होतं, आणि तेही धड उत्तर म्हणता येईल असं नाही.

आजीचं सासर तेरेखोल नदीच्या अलीकडे, नयबागजवळ. माहेर पलीकडे सातार्ड्याला. मध्ये एक नदी आणि एक तर, म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी. लग्न झालं तेव्हा अलीकडे पोर्तुगीज होते आणि पलीकडे सावंतवाडी संस्थान. तरीवाल्याला त्याचं काही नव्हतं, तो दोन्हीकडची नाणी घ्यायचा. मग पलीकडे भारत आला. आजीच्या भाषेत, “माहेर स्वतंत्र झालं, मी राहिले.”

१९५४ च्या उन्हाळ्यात-पावसाळ्यात दादरा-नगर हवेली पोर्तुगिजांच्या हातून गेली, तेव्हा पेडण्याच्या बाजारात कुजबूज सुरू झाली. आजोबांचं गूळ, मीठ, काड्यापेट्यांचं दुकान होतं. कुजबूज सगळ्यात आधी दुकानात येते. आजोबांचं मत असं, की पाखले, म्हणजे पोर्तुगीज, साडेचारशे वर्षं गोव्यात आहेत, ते काय असे जातात? आजी काही बोलली नाही. पुढच्या वैशाखात भावाच्या मुलीच्या बारशाला ती सातार्ड्याला गेली तेव्हा तिच्या दोन्ही हातांत पाटल्या होत्या. परत आली तेव्हा एकाच. अडीच-अडीच तोळ्यांची जोडी, तिच्या आईनं तिला केलेली. त्यातली एक तिनं वहिनीकडे ठेवली.

आजोबा चिडले. एक पाटली म्हणजे काय? घालायला लाज, मोडायला अर्धी. आजीचं म्हणणं अगदी साधं होतं. इथं काही झालं तर तिथं एक आहे, तिथं काही झालं तर इथं एक आहे. जोडी फुटली तर फुटली.

हल्ली माझ्या मुलाचा आर्थिक सल्लागार लॅपटॉपवर रंगीत वर्तुळं दाखवून हेच सांगतो आणि त्याचे पैसे घेतो.

१५ ऑगस्ट १९५५ ला गोव्याच्या सीमेवर, पत्रादेवीला आणि इतर नाक्यांवर, गोवा मुक्तीसाठी आलेल्या निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगिजांनी गोळ्या झाडल्या. वीसहून अधिक माणसं मेली. त्यानंतर भारतानं सीमा बंद केली. रेल्वे थांबली, मुंबईच्या नातेवाइकांकडून येणारे पैसे थांबले, परवान्याशिवाय जाणं-येणं बंद. तर बांधून ठेवली. सातार्ड्याचे माड आजीला परसातून दिसायचे, पण वहिनीच्या हातातली पाटली आता परदेशात होती. भाऊ कधीमधी पलीकडच्या काठावर यायचा, ही अलीकडे उभी राहायची, आणि भरतीच्या पाण्यावरून दोघं ओरडून बोलायची. कोण गेलं, कोणाला काय झालं, गाय व्याली का. पाटलीचा विषय असा ओरडून काढता येत नाही. सहा वर्षं तो निघाला नाही.

आता जी गोष्ट मला फार उशिरा कळली ती सांगते. ही सहा वर्षं गोव्यात हलाखीची असतील असं मी धरून चालले होते. नाकेबंदी म्हटली की रिकामी फडताळं डोळ्यांपुढे येतात. प्रत्यक्षात आजोबांचं दुकान त्या काळात जसं चाललं तसं पुन्हा कधी चाललं नाही. भारतातून माल येईना, तर लिस्बननं जगभरातून आणला. हॉलंडचे बटाटे, सिलोनचा चहा, जपानचं सिमेंट. डिचोली-सांगे भागातलं खनिज लोखंड जपानला जात होतं, त्याचा पैसा खेळत होता. आयातीवर जकात नाममात्र, म्हणून घड्याळं, फाउंटन पेनं, व्हिस्की मुंबईपेक्षा स्वस्त. आणि सोनंही. आजोबा हॉलंडचे बटाटे विकायचे आणि गिऱ्हाइकाला अभिमानानं सांगायचे, की हा बटाटा बोटीनं आलाय. एक साम्राज्य शेवटचे श्वास मोजत होतं आणि त्याच्या टोकाच्या तालुक्यातल्या दुकानदाराला वाटत होतं, बरकतीचे दिवस आलेत. पडझड आत बसलेल्याला पडझडीसारखी दिसतेच असं नाही. कधी कधी ती बोटीनं आलेल्या बटाट्यासारखी दिसते.

खरं तर पेडण्यापासून पणजीला जाताना वाट थोडी वाकडी करून नीट बघितलं असतं तर आजोबांना ते दिसलं असतं. जुनं गोवं तिथंच आहे. ‘गोवा पाहिलं त्यानं लिस्बन नाही पाहिलं तरी चालेल’ अशी म्हण पोर्तुगिजांत होती, ती त्या शहराबद्दल. साथींनी ते ओस पडलं, माणसं पणजीकडे सरकली, १८४३ मध्ये राजधानीही रीतसर हलली, आणि जुन्या वाड्यांचे दगड नव्या बांधकामांना लागले. उरली ती चर्चं. आजोबा तिथं सेंट फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताला, म्हणजे जत्रेला, जायचे, पण दुकानासाठी मेणबत्त्या विकत घ्यायला. दगडांकडे कशाला बघतील?

पैसाही बदलला. गोव्याची स्वतःची रुपिया होती, सोळा टांगांची. ती जाऊन १९५९ च्या सुरुवातीला एश्कुद आला, एका रुपियेला सहा. माणसं मनात रुपियांतच हिशेब करणार हे सरकारलाही ठाऊक असावं, कारण नाणीही त्याच मापात काढली : तीन एश्कुद, सहा एश्कुद. नोटा तीसच्या, साठच्या. आजीच्या पत्र्याच्या डबीतलं सहा एश्कुदचं एक नाणं माझ्याकडे आहे. त्यावर पोर्तुगीजमध्ये ‘एश्तादु द इंदिया’ लिहिलंय, म्हणजे भारत राज्य. ज्या राज्याचं हे नाणं, ते नाणं निघाल्यापासून तीन वर्षंसुद्धा टिकलं नाही.

डिसेंबर १९६१. तिमोरहून लिस्बनला जाणारी बोट ९ तारखेला मुरगावला लागली. तिचं नाव ‘इंदिया’. योगायोगांवर माझा विश्वास नाही, पण इतिहासाला विनोद कळतो यावर आहे. कुणालाही बोटीवर घेऊ नका असा लिस्बनचा हुकूम होता. गव्हर्नर जनरल वासालु इ सिल्वा यांनी तो मोडला आणि जेमतेम ३८० जणांच्या बोटीत सुमारे ७०० युरोपीय नागरिक चढले. न्हाणीघरांतसुद्धा माणसं दाटलेली. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार यानं १४ तारखेला लिस्बनहून कळवलं, की शरणागती नाही, सैनिक आणि खलाशी एकतर विजयी होतील नाहीतर मरतील. जे मरणार होते त्यांच्यापासून तो आठ-नऊ हजार किलोमीटरवर होता. १८ तारखेला दाबोळीची धावपट्टी भारतीय विमानांनी फोडली, तरी त्याच रात्री उरलेल्या तुकड्यावरून दोन विमानं कराचीकडे निसटली. १९ ला संध्याकाळी सगळं संपलं. आजोबांनी दोन दिवस दुकान बंद ठेवलं, तिसऱ्या दिवशी उघडलं, आणि पहिलं गिऱ्हाईक एक शीख जवान होता. त्यानं गूळ मागितला आणि भारतीय रुपया पुढे केला. आजोबांनी तो उजेडात धरून बघितला. खोटा आहे का म्हणून नाही, नुसताच बघितला.

लोकांच्या हातातले एश्कुद बुडाले नाहीत, सहाला एक रुपया या दरानं बदलून मिळाले. आजोबांना याचं फार आश्चर्य वाटलं. जाणाऱ्या राज्याच्या नोटा येणारं राज्य मानून घेतं, असं रोज घडत नाही.

बुडालं, किंवा बुडालं असं वाटलं, ते दुसरंच. बांकु नास्योनाल उल्त्रामारिनु ही गोव्यात नोटा काढणारी बँक. तिच्याकडे लोक दागिने गहाण ठेवून कर्ज काढत. शेतीला, आजारपणाला, आफ्रिकेच्या तिकिटाला. डिसेंबरच्या त्या गडबडीआधी हे गहाणाचं सोनं पणजीहून लिस्बनला हलवण्यात आलं. बँकेच्या बाजूनं बघितलं तर तारण सुरक्षित जागी नेलं. ज्यांच्या हातात नुसती पोर्तुगीज भाषेतली पावती उरली त्यांच्या बाजूनं बघितलं तर बांगड्या समुद्रापार गेल्या. कर्ज फेडायला माणूस पणजीला गेला तरी फेडायचं कुणाला? दोन देशांत राजनैतिक संबंध उरले नव्हते. ते आले पोर्तुगालमधल्या एप्रिल १९७४ च्या क्रांतीनंतर. वर्षाच्या शेवटच्या दिवशी करार झाला आणि लिस्बननं गोवा भारताचा आहे हे मान्य केलं. सोनं परत यायला त्यानंतरही सतराएक वर्षं लागली. १९९१ मध्ये ते आलं. तीस वर्षं.

इथं माझ्यातली हिशेबनीस जागी होते. १९६१ मध्ये दहा ग्रॅमचा भाव सव्वाशेच्या आतबाहेर होता, १९९१ मध्ये साडेतीन हजारांच्या घरात. जवळजवळ तीस पट. चक्रवाढीनं वर्षाला साधारण बारा टक्के. म्हणजे कागदावर बघाल तर या लोकांनी तीस वर्षं हात न लावलेली, उत्तम परतावा देणारी गुंतवणूक केली होती. कुठलाही फंडवाला याची जाहिरात करेल. पण दागिना गहाण ठेवणारा गुंतवणूकदार नसतो हो. त्याला पुढच्या मे महिन्यात ती बांगडी मुलीच्या हातात घालायची असते. ज्या मुलीसाठी ती सोडवायची होती तिची मुलगी १९९१ मध्ये लग्नाची झाली होती. सोनं राहिलं, भाव वाढला, आणि जिच्यासाठी होतं तिचं लग्न काचेच्या बांगड्यांवर झालं. याला बुडालं म्हणायचं की राहिलं, मला अजून ठरवता आलेलं नाही.

हा खेळ एकाच बाजूनं झाला असंही समजू नये. गोवा गेल्याचा राग पोर्तुगालनं मोझांबिकमधल्या भारतीयांवर काढला. व्यापारी छावण्यांत डांबले, त्यांच्या मालमत्ता गोठवल्या, पुढे त्यांना हाकललं. त्यांची दुकानं तेरेखोलपासून, दिल्लीपासून, सगळ्या भांडणापासून हजारो मैल लांब होती. आणि १९७५ मध्ये अंगोला, मोझांबिक स्वतंत्र झाले तेव्हा तीच पाळी पोर्तुगिजांवर आली. पाच लाखांच्या आसपास माणसं लिस्बनला परतली. तिकडच्या एश्कुदला इकडे कुणी विचारेना, म्हणून लोकांनी पैशाच्या वस्तू करून आणल्या. लिस्बनच्या धक्क्यावर, त्या दर्यावर्द्यांच्या भव्य स्मारकाच्या पायाशी, लाकडी खोक्यांचे ढीग लागल्याचे फोटो आहेत. फ्रिज, शिवणयंत्रं, गाद्या. सालाझारनं कंजूषपणे साठवलेलं ८०० टनांहून अधिक सोनं तिजोरीत होतं, तरी देशाला पुढच्या दोन-तीन वर्षांत त्यातलं काही विकावं लागलं, काही तारण ठेवून कर्ज काढावं लागलं. गोव्याच्या बांगड्यांवर बसलेला देश आता स्वतःचं सोनं घेऊन दुसऱ्याच्या खिडकीशी उभा होता.

१९९१ चं दुसरं टोक आपल्याकडे आहे, आणि ते मी डोळ्यांनी पाहिलंय, म्हणजे वर्तमानपत्रात. कुवेतचं युद्ध, तेलाचा भडका, आखातातून येणारे पैसे आटलेले, दोन आठवडे आयात चालेल इतकीच परकी गंगाजळी. मे महिन्यात सरकारनं तस्करांकडून जप्त केलेलं वीस टन सोनं स्विस बँकेकडे पाठवलं. जुलैत रिझर्व्ह बँकेचं सुमारे ४७ टन सोनं मुंबईहून विमानानं बँक ऑफ इंग्लंडकडे गेलं, ते तिथं आणि बँक ऑफ जपानकडे तारण ठेवून चाळीस कोटी डॉलरच्या आसपास कर्ज मिळालं. त्याच महिन्याच्या पहिल्या तीन दिवसांत रुपयाचं दोनदा अवमूल्यन झालेलं. आमच्या ऑफिसात त्या दिवशी कुणी डबा नीट खाल्ला नाही. एक साहेब म्हणाले, घरातलं मंगळसूत्र गहाण पडलं. तेव्हा हे वाक्य सगळ्या मुंबईत कुणी ना कुणी म्हणत होतं. तेव्हा मला त्या वाक्याचा राग आला नाही. आता येतो. मंगळसूत्र गहाण पडायची लाज कायम त्या घराला, ज्यानं वेळेवर व्याज भरून ते सोडवलं. आपण ते कर्ज काही महिन्यांत फेडलं. दार उघडं करायला लागलं ते वेगळंच, त्यावर इतरांनी भरपूर लिहिलंय.

एकाच वर्षी गोव्यातल्या बायकांचं सोनं लिस्बनहून आलं आणि देशाचं सोनं लंडनला गेलं. आजी तेव्हा होती. बाबांनी तिला दोन्ही बातम्या वाचून दाखवल्या. तिनं विचारलं, “पावती घेतली ना?” दोन्हींपैकी कुठल्या सोन्याबद्दल विचारलं, ते कळलं नाही.

कर्ज फिटलं तरी आपलं पुष्कळ सोनं पुढे तिकडेच ठेवलेलं होतं, तारण म्हणून नव्हे, सोय म्हणून. २०२२ मध्ये रशियानं युक्रेनवर हल्ला केला आणि पाश्चात्त्य देशांनी रशियाची ३०० अब्ज डॉलरच्या आसपासची गंगाजळी गोठवली. मोठा हिस्सा ब्रुसेल्सच्या एका संस्थेच्या खात्यांवर. त्यातल्या न्याय-अन्यायात मी शिरत नाही, आक्रमण ते आक्रमणच. पण प्रत्येक देशाच्या तिजोरीवाल्यानं त्या रात्री आपला माल कुणाकुणाच्या कुलपात आहे याची यादी काढली असणार. त्या वर्षासकट तीन वर्षं जगातल्या मध्यवर्ती बँकांनी दर वर्षी हजार टनांहून अधिक सोनं घेतलं. रिझर्व्ह बँकेनं २०२३-२४ मध्ये ब्रिटनमधून सुमारे शंभर टन उचलून देशात आणलं. त्या बातमीवर लोक अभिमानानं वगैरे बोलत होते. मला तेरेखोलची तर दिसली.

आपल्या इतिहासात पानिपतची पहिली बातमी पेशव्यांना सावकारी चिठ्ठीतून कळली. दोन मोत्यं गळाली, सत्तावीस मोहरा हरवल्या, खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. शाळेत बाईंनी ते सांकेतिक भाषेचं उदाहरण म्हणून शिकवलं. मला आता वाटतं, त्यात संकेताहून मोठी गोष्ट आहे : सावकाराचा जासूद सरकारी जासुदाच्या आधी पोचला. नेहमीच पोचतो. दोनच वर्षांनी निजामानं पुणं लुटलं, जाळलं, तेव्हा ज्यांना आधी कळलं ते सामान बैलांवर घालून सिंहगडाकडे गेले होते. ज्यांना नंतर कळलं त्यांनी हंडे पुरले. त्यातले काही आजही बांधकामात सापडतात, म्हणजे पुरणारा परत आला नाही.

माझ्या बाबांनी काही पुरलं नाही. त्यांनी एका सहकारी बँकेत ठेवलं, अर्धा टक्का व्याज जास्त म्हणून आणि मॅनेजर ओळखीचा म्हणून. एक दिवस शटरवर कागद चिकटलेला, खात्यातून फक्त एक हजार रुपये काढता येतील. ना युद्ध, ना नाकेबंदी, ना बोट. बाबा रोज सकाळी तो कागद वाचायला जायचे, जणू आज त्यावर वेगळं काही लिहिलेलं असेल. तेव्हा ठेवींचा विमा एक लाखाचा होता, तो २०२० मध्ये पाच लाखांचा झाला, बाबांना उपयोगी पडायला दहा वर्षं उशिरा. एक लाख मिळाले, पुष्कळ नंतर. उरलेल्याचा विषय त्यांनी काढला नाही. बँकेतली ठेव त्यांच्या लेखी गोव्याच्या गहाण बांगड्यांहून सुरक्षित होती, कारण बँक चालत जाण्याच्या अंतरावर होती.

पाटल्यांचं राहिलं.

जानेवारी १९६२ मध्ये तर पुन्हा सुरू झाली. आजी पहिल्या आठवड्यात सातार्ड्याला गेली. वहिनी दारातच उभी होती आणि तिच्या हातात पाटली होती. घातलेली. साडेसहा वर्षं. आजीनं त्यावर काही म्हटलं नाही, म्हणजे त्या दिवशी नाही. पेडण्याला परतून तिनं दोन्ही पाटल्या सोनाराकडे तोलल्या. अलीकडची, जी तांदळाच्या कणगीत तळाशी होती, ती पुरी अडीच तोळे. पलीकडची चार गुंजा कमी. भांडी, जातं, विहिरीचा दोर. मग मात्र ती उलट पावली सातार्ड्याला गेली आणि म्हणाली, “ठेवायला दिली होती, घालायला नव्हती दिली.”

वहिनीचं उत्तर आमच्या घरात तीन पिढ्या सांगितलं जातं. “घातली म्हणून राहिली. डब्यात असती तर तुझ्या भावानं विकून विहीर खणली असती.”

दोघी वर्षभर बोलल्या नाहीत. त्याच वर्षभरात चीनशी युद्ध झालं, आणि लगेच, जानेवारी १९६३ मध्ये, मोरारजींनी सुवर्ण नियंत्रण आणलं. चौदा कॅरेटहून कसदार नवा दागिना घडवायचा नाही. आजीचा सोनार दुकानाला कुलूप लावून काजूच्या कारखान्यात हिशेब लिहायला लागला. ज्या मुलखात दोन वर्षांपूर्वी सोनं मुंबईपेक्षा स्वस्त होतं तिथं आता ते जवळजवळ गुन्हा होतं. कायदा पुढे १९९० पर्यंत राहिला. आजी मात्र त्या बातमीनंतर सातार्ड्याला जाऊन वहिनीशी बोलायला लागली. जुन्या बावीस कॅरेटच्या वस्तू असलेल्या बायकांनी एकमेकींशी भांडून चालणार नव्हतं.

पाटल्या आजीकडून आईकडे आल्या. आई गेल्यावर आम्हा बहिणींत वाटणी झाली, एकेक. जोडी पुन्हा फुटली. धाकटीचं सासर म्हापशाचं. तिचे सासरे १९६१ च्या आधीचे, म्हणजे जन्मानं पोर्तुगीज. त्या जन्माची नोंद लिस्बनला केली की मुलानातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व मिळतं, आणि गोव्यातले हजारो लोक तसं करून युरोपात गेलेत. माझा मेहुणा २०१३ मध्ये गेला. भारतीय पासपोर्ट सोडावा लागला, त्या रात्री तो जेवला नाही म्हणे. गेला तो पोर्तुगालला नाही, इंग्लंडमधल्या स्विंडनला, एका गोदामात. पोर्तुगाल तेव्हा कर्जात बुडालेला होता, २०११ मध्ये त्यानं ७८ अब्ज युरोंची मदत घेतलेली. म्हणजे बघा : आजोबांनी ज्या राज्यावर भरवसा ठेवला ते दोन दिवसांत गेलं, त्याच्या नाण्याला आज नाण्यांचे शौकीन सोडून कुणी विचारत नाही, आणि त्याच राज्याच्या एका कारकुनानं वहीत लिहिलेली जन्माची ओळ इतक्या वर्षांनी सुनेला पौंड मिळवून देते. आमच्या घराण्यात सगळ्यात जास्त परतावा त्या ओळीनं दिला. ती कुणी गुंतवणूक म्हणून लिहिली नव्हती. मग ब्रेक्झिट झालं आणि त्या दाराचीही तर बांधली गेली, पण धाकटी आधीच पलीकडे पोचली होती.

मुलाला मी काय सांगितलं? लग्नाला, घराला, आजारपणाला लागणारा पैसा सोन्यात घालू नकोस. बाकीच्यातलं थोडं घाल. आणि सगळं एका कुलपात नको, माझ्यासुद्धा. तो म्हणाला, हे तर सल्लागारही म्हणतो. म्हटलं, मग त्याला फी दे.

माझी पाटली बँकेच्या लॉकरमध्ये असते. नवा करार करताना मी तो चष्मा लावून वाचला. चोरी झाली, आग लागली, कर्मचाऱ्यानं लबाडी केली, तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पट. माझं भाडं दोन हजार. म्हणजे दोन लाख. आजच्या भावानं पाटली एकटीच त्याच्या पुढे आहे. मी सही केली. दुसरं काय करणार होते?

गणपतीत धाकटीशी व्हिडिओवर बोलताना विषय निघाला, की झिजलेली कुठली, तुझी की माझी. वाटणीच्या वेळी कुणी बघितलंच नव्हतं. मी दुसऱ्या दिवशी लॉकर उघडून माझी आणली, कोपऱ्यावरच्या सोनाराकडे तोलली. सत्तावीस ग्रॅम सहाशे मिली. रात्री तिला फोन लावला. ती कामावरून येऊन स्वयंपाकघरात उभी होती, मागे काळोख, सप्टेंबरातच स्वेटर. तिनं हातातली पाटली काढली. ती रोज घालते, गोदामात जाताना बाहीखाली ढकलते. साबण लावायला लागला. मग केकचं पीठ मोजायच्या काट्यावर ठेवली.

“अठ्ठावीस,” ती म्हणाली.

“अठ्ठावीस किती?”

“पुढचं दाखवत नाही गं हा. पिठाचा आहे.” तिनं पाटली उचलली, पुन्हा ठेवली. “आता सत्तावीस म्हणतोय.”